७५ डॉलरची जीन्स: आयरीन शराफ, वेस्ट साइड स्टोरी आणि निर्मात्याचा हिशोब

नाटकाच्या कपड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच, "अहो हे बाजारात रेडिमेड मिळतं की, तुम्ही तिप्पट पैसे घालून शिवत का बसलाय?" आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाला तिथल्या तिथे पटेल असं उत्तर देता येत नाही, कारण उत्तर स्टेजवर दिसतं आणि ते दिसेपर्यंत बजेट कापून झालेलं असतं. म्हणून ही एक जुनी केस नीट मांडून ठेवते. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची आहे, १९५७ सालची. विशेष म्हणजे यात प्रश्न विचारणारा निर्माता स्वतःच पुढे सांगून गेलाय की बाबांनो, माझा हिशोब चुकला होता. असं लेखी कबूल करणारे निर्माते कमीच.

डिझायनर आयरीन शराफ. निर्माता हॅरल्ड प्रिन्स, सगळे हॅल म्हणायचे. नाटक वेस्ट साइड स्टोरी. आणि भांडणाचा विषय, भांडण म्हणण्यापेक्षा वहीतला खर्चाचा आकडा म्हणू, तो म्हणजे निळी जीन्स. एका जोडीला ७५ डॉलर. तेव्हा दुकानात चांगली जीन्स चार-पाच डॉलरला मिळायची आणि आजच्या भावाने बघितलं तर ते ७५ डॉलर आठशेच्या वर जातात. कुठल्याही निर्मात्याच्या भुवया वर जाणारच.

आधी प्रिन्सची बाजू, कारण अशा गोष्टी सांगताना निर्मात्याला कंजूष मारवाडी करून टाकायची आपली सवय असते आणि ते बरोबर नाही. १९५७ मध्ये तो होता जेमतेम २९ वर्षांचा. रॉबर्ट ग्रिफिथ या भागीदाराबरोबर त्याने आधी दोन मोठी हिट म्युझिकल्स दिलेली आणि दोघांचं नावच असं होतं की हे लोक पैसा जपून वापरतात. वेस्ट साइड स्टोरी मुळात त्यांच्याकडे नव्हतंच. चेरिल क्रॉफर्ड ही निर्माती होती, पैसे उभे राहीनात, तालमी तोंडावर आल्या आणि ती बाहेर पडली. विचार करा, गल्लीतल्या पोरांच्या टोळ्या, पहिला अंक संपतो तेव्हा स्टेजवर दोन प्रेतं, आणि हे म्हणे म्युझिकल! कोण पैसे घालणार? नाटकाचा गीतकार स्टीफन सोंडहाइमने प्रिन्सला फोन केला, प्रिन्स-ग्रिफिथ आले आणि त्यांनी सुमारे तीन लाख डॉलर भराभर उभे केले. वर दिग्दर्शक जेरोम रॉबिन्सला तालमीसाठी नेहमीच्या चार आठवड्यांऐवजी आठ आठवडे हवे होते, म्हणजे एवढ्या नाचणाऱ्या पोरापोरींचे पगार दुप्पट काळ. अशा वेळी खर्चाच्या कागदावर "जीन्स, ७५ डॉलर" असं दिसलं तर माणूस काय म्हणेल? प्रिन्सच्या मनात आलं ते अगदी शहाण्या माणसाच्या मनात येईल तेच आलं. हा मूर्खपणा आहे, लीव्हाईज कंपनीशी बोलू, नाटकाच्या पत्रिकेत त्यांचं नाव छापू, ते जीन्स फुकट देतील.

आपल्याकडे हे नवीन नाही. तिसरी घंटा व्हायच्या आधी घोषणा होते ना, "साड्या सौजन्य अमुक अमुक", ती याच जातीची. काही वाईट नाही त्यात, कित्येक नाटकं त्यावर उभी राहतात.

आता शराफची बाजू. ही बाई उधळी होती असं कुणाला वाटत असेल तर तिने काम कुठे शिकलं ते बघा. जन्म १९१० चा, बॉस्टनचा. न्यूयॉर्कला चित्रकला शिकली आणि इव्हा ल गॅलियनच्या सिव्हिक रेपर्टरी थिएटरमध्ये एलीन बर्नस्टाइन या डिझायनरची असिस्टंट म्हणून लागली. ही कंपनी मुद्दाम स्वस्त तिकीट ठेवणारी, सामान्य माणसाने नाटक बघावं म्हणून चालवलेली, म्हणजे पैशाची चणचण कायमची. तिथे १९३२ मध्ये 'ॲलिस इन वंडरलँड'चं नाटक झालं त्याचं नेपथ्य आणि कपडे तिने केले, मूळ पुस्तकातल्या चित्रकार टेनिएलच्या रेखाटनांवरून, आणि तिचं नाव झालं. तेव्हा वय बावीस. आपल्याकडे या वयात असिस्टंटला मोजे मोजायला बसवतात.

पण या केससाठी महत्त्वाचं काम त्याच्या पुढच्या वर्षीचं आहे. १९३३ ची एक रिव्ह्यू, म्हणजे गाणी, नाच आणि सुटे प्रवेश यांचा कार्यक्रम, होती ब्रॉडवेवर, आयर्व्हिंग बर्लिनची गाणी. त्यात वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून प्रवेश रचलेले आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ईस्टरची मिरवणूक, फिफ्थ ॲव्हेन्यूवरची, १८८३ सालातली. शराफने काय केलं तर तो अख्खा प्रवेश तपकिरी रंगात काढला. तेव्हा वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत फोटो तपकिरी शाईत छापले जायचे, तसं. चॉकलेटी, बदामी, काथ्या, मळकट पिवळा, सायीसारखा पांढरा, म्हणजे एकाच रंगाच्या घराण्यातल्या कितीतरी छटा, आणि बघणाऱ्याला वाटावं की जुना फोटोच हलायला लागलाय. हे डोक्यात ठेवा. एका रंगात किती रंग काढता येतात हे या बाईने तेविसाव्या वर्षी स्टेजवर करून बघितलं होतं.

मधली वीस वर्षं पटकन सांगते, तीच जास्त चमकदार असली तरी. हॉलिवुडला गेली, एमजीएमकडे काम केलं, परत ब्रॉडवेला आली, दोन्हीकडे ये-जा चालू. १९५१ च्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस'मधल्या शेवटच्या लांबलचक बॅलेचे कपडे तिचे, एकेक तुकडा एकेका फ्रेंच चित्रकाराच्या शैलीत, आणि त्या सिनेमाच्या वेशभूषेच्या ऑस्करात तिचा वाटा. त्याच वर्षी ब्रॉडवेवर 'द किंग अँड आय'. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाची गोष्ट, आणि तिथे तिने थायलंडमध्ये जिम थॉम्प्सनच्या कंपनीने विणून घेतलेलं अस्सल थाई सिल्क वापरलं. त्या नाटकाने थाई सिल्कला अमेरिकेत बाजारपेठ मिळायला मोठी मदत झाली. राजाचं काम करणाऱ्या यूल ब्रायनरला "डोकं भादर" हे सांगणारीही तीच, तो तयार नव्हता म्हणे, मग आयुष्यभर त्या टकलावर जगला.

ही थाई सिल्कची गोष्ट मुद्दाम मध्ये आणली. कारण जीन्सची गोष्ट ऐकून लोक लगेच म्हणतात की हं, म्हणजे नाटकात खरी वस्तू चालत नाही, खोटीच पाहिजे. तसं नाहीये. थाई सिल्कमध्ये उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलताना रंग बदलतं, आपल्या धूपछाँव साडीसारखं, आणि दिव्याखाली ते फारच खुलतं. म्हणून तिथे खरं कापड. जीन्सचं कापड दिव्याखाली काय करतं? काहीच करत नाही. गिळून टाकतं उजेड. म्हणून तिथे वेगळा उपाय. वस्तू खरी की खोटी हा प्रश्न तिच्या डोक्यात असेल असं मला वाटतच नाही, लांबून कशी दिसते एवढाच.

तर १९५७. विंटर गार्डन थिएटर, दीड हजाराच्या आसपास खुर्च्या. पडदा वर गेल्यावर सुरुवातीचा प्रवेश जवळजवळ बिनशब्दांचा. जेट्स आणि शार्क्स या दोन टोळ्या, एक तिथल्या गोऱ्या पोरांची आणि दुसरी प्वेर्तो रिकोहून आलेल्यांची, आणि त्यांची खुन्नस फक्त नाचातून दाखवायची. बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईला दोन-तीन मिनिटांत कळायला हवं कोण कुणाचा. चेहरे तर तिथून दिसतच नाहीत. मग काय उरलं? हालचाल आणि कपडे. रॉबिन्सने हालचाल दिली आणि शराफने रंग वाटून दिले, जेट्सना निळे, पिवळट, मातकट असे थंड फिके रंग आणि शार्क्सच्या बाजूला जांभळे, लाल, गुलाबी, काळे असे गडद तापलेले. (नायिका मारियाचा पांढरा ड्रेस या सगळ्यात बसत नाही, तो बसायचाच नाही, तिला तो पांढरा नको असतो, लाल हवा असतो, संवादातच आहे ते. आणि तो ड्रेस शिवून देणारी अनिता, दोघी कामाला लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात. शिवणकाम करणाऱ्यांना या नाटकाने चांगली जागा दिलीय एकूण.)

आता या रंगवाटपात जीन्स कुठे बसते बघा. रस्त्यावरच्या पोरांची गोष्ट, म्हणजे जीन्स टाळता येत नाही. त्या काळात जीन्स म्हणजे वाया गेलेल्या कार्ट्यांचा पोशाख, कित्येक शाळांत घालून यायला बंदी, आणि म्युझिकल बघायला येणारा प्रेक्षक सॅटिनचे गाऊन बघायला सरावलेला. म्हणजे जीन्स दिसायला हवी, ओळखू यायला हवी, आणि तरी दोन अडीच तास डोळ्याला कंटाळा येता कामा नये. ज्यांनी एकदा तरी दहा-बारा पोरांना सारख्या निळ्या पॅन्टीत स्टेजवर उभं केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. कमरेखाली सगळा एक निळा पट्टा होतो. पाय दिसत नाहीत. आणि हे नाटक तर पायांचं.

शराफने दुकानातली जीन्स घेतलीच नाही. खास कापड घेऊन जीन्स शिवून घेतल्या, मग त्या रंगात बुडवल्या, मग आपटल्या-घासल्या, मग परत रंगवल्या, परत जुन्या केल्या. प्रिन्सने आठवणीत लिहिलंय की शेवटी स्टेजवर निळ्याच्या चाळीस वेगवेगळ्या छटा होत्या, एकीपासून दुसरी जेमतेम वेगळी, आणि त्यामुळे तो निळा रंग थरथरल्यासारखा जिवंत वाटायचा आणि सगळं खरं वाटायचं. ७५ डॉलर गेले ते इथे. कापडात कमी, हातात जास्त.

हे काम ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडं खोलात जाते. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा, म्हणून जीन्स उलटी केली की आतून फिकी दिसते. निळीचा रंग धाग्याच्या पोटात जात नाही, वर वर बसतो, म्हणून घासला की आतला पांढरा वर येतो. कुठे घासला जातो? गुडघ्यावर, मांडीवर बसताना सुरकुत्या पडतात तिथे, मागच्या खिशाच्या कडेला, खालच्या मोहरीवर. म्हणजे वापरलेल्या जीन्सवर त्या माणसाच्या बसण्या-उठण्याचा नकाशा उमटलेला असतो. हे दोन वर्षांत आपोआप होतं, पण नाटकवाल्याकडे दोन वर्षं नसतात, दोन आठवडे असतात. मग आम्ही काय करतो, नटाला ती पॅन्ट घालायला लावून सुरकुत्या कुठे पडतात ते खडूने आखून घेतो, मग पॅन्ट फळीवर ताणून पॉलिश पेपर मारतो, किसणीसुद्धा चालते, कडांना दगडाने घासतो. मग फिका निळा, मग त्यावर अगदी पातळ करडा किंवा चहाच्या पाण्यासारखा मळकट रंग स्पंजने, नाहीतर घासलेले भाग नुसते पांढरे फटक दिसतात आणि लांबून ठिगळं मारल्यासारखं वाटतं. मग धुवायची. मग परत बघायची, आणि खोलीतल्या ट्यूबलाइटमध्ये बघून उपयोग नाही, स्टेजच्या दिव्यात बघायची, कारण पिवळसर दिव्यात निळा मरतो आणि निळ्या दिव्यात सगळ्या छटा एकजीव होतात. एका पॅन्टला एका माणसाचा दिवस जातो, दीड पण जातो. आणि ही फक्त एक छटा झाली.

शिवाय नाचायचंय त्यात. तेव्हाची दुकानातली डेनिम म्हणजे नुसतं जाड सुती कापड, ताणलं जाणार नाही, त्यात पाय कानापर्यंत उचलला की एकतर पाय थांबतो नाहीतर शिवण सुटते. नाचणाऱ्यांच्या पॅन्टीला मांडीच्या सांध्यात मियानी टाकावी लागते, सलवारीला टाकतात तशी, आणि बाहेरून जीन्ससारखीच दिसली पाहिजे. दुकानातली पॅन्ट उसवून हे करता येतं पण मग ती चार डॉलरची राहत नाही.

आता केसचा मधला भाग. नाटक २६ सप्टेंबर १९५७ ला उघडलं आणि चाललं. आठवड्याला आठ प्रयोग, त्यात रोज जमिनीवर लोळणं, उड्या, मारामारी, घाम, धुणं. कुठलीही पॅन्ट किती दिवस टिकणार? मूळ जीन्स झिजल्या, आणि बदली आल्या त्या लीव्हाईजच्या. कागदावर सगळं बरोबर, पोरं जीन्सच घालतात, खऱ्या पोरांची खरी जीन्स, तीही फुकट.

साधारण वर्षाने प्रिन्सने प्रयोग बघितला आणि त्याला वाटायला लागलं की काहीतरी बिनसलंय, पूर्वी हे जेवढं सुंदर दिसायचं तेवढं आता दिसत नाहीये. नट तेच किंवा तोलामोलाचे, नेपथ्य ऑलिव्हर स्मिथचं तेच, जीन रोझेन्थालचे दिवे तेच, रॉबिन्सच्या नाचात कुणी फेरफार करायची हिंमत करणार नाही. मग काय गेलं? शोधता शोधता गाडी जीन्सवर आली. चाळीस निळ्यांच्या जागी एक निळा आला होता.

मला या गोष्टीत सगळ्यात बोलकी वाटते ती ही, की त्याला *काय* बिघडलं ते लगेच कळलं नाही. त्याला नुसतं वाटलं. निर्माता, ज्याने स्वतः तो बदल मंजूर केलेला, तो प्रेक्षागृहात बसून "कपडे वाईट दिसतायत" असं म्हणत नाही, "नाटक उतरलंय" असं म्हणतो. प्रेक्षकही तेच म्हणतो. घरी जाताना कुणी म्हणत नाही की पॅन्टींच्या छटा कमी होत्या, म्हणतात "पहिल्यासारखी मजा नाही राहिली, नट आता पाट्या टाकतात". आमच्या कामाचं हे दुखणंच आहे, चांगलं असलं तरी श्रेय दुसऱ्याला आणि बिघडलं तरी दोष दुसऱ्याला.

लोक इथे एक मुद्दा काढतात आणि तो रास्त आहे. की अहो न्यूयॉर्कच्या पोरांनी १९५७ मध्ये लीव्हाईजसारख्याच जीन्स घातल्या असणार ना, मग लीव्हाईज खोटी कशी? उत्तर असं की रस्त्यावरच्या दहा पोरांच्या दहा जीन्स दहा वेगळ्या वेळी घेतलेल्या असतात. एकाची थोरल्या भावाची उतरलेली, एकाची आईने ब्लीचमध्ये घालून वाट लावलेली, एकाची नवीकोरी आणि तो दोन आठवडे ती मिरवतोय, एक गॅरेजमध्ये काम करतो त्याच्या मांडीवर ऑइल. रस्त्यावरचा निळा मुळातच चाळीस प्रकारचा असतो. कंपनीकडून एका खेपेत आलेल्या जीन्स एकाच दिवशी नव्या असतात, एकाच लाँड्रीत धुतल्या जातात, एकाच वेगाने विटतात. म्हणजे टोळीऐवजी शाळेचा युनिफॉर्म. वस्तू खरी आणि दृश्य खोटं.

आपल्याकडे बालगंधर्वांबद्दल सांगतात की स्टेजवर खरं अत्तर, खरे भारी शालू, खरे गालिचे, आणि त्या हौसेपायी मंडळी कर्जात. तिथे खर्च वेगळ्या कारणाने होता, प्रेक्षक तो थाट बघायला आणि त्याचा वास घ्यायला यायचा, आणि पहिल्या रांगेपर्यंत अत्तर पोचायचंसुद्धा. शराफचा खर्च उलट्या टोकाचा, पैसे घालवून गरीब दिसायचं. निर्मात्याला पहिला प्रकार परवडत नाही पण समजतो. दुसरा समजतच नाही.

थोडा हिशोब करू, कारण कला कला करून निर्माता ऐकत नाही. समजा चाळीस जीन्स धरल्या, ७५ प्रमाणे झाले ३,००० डॉलर. एकूण भांडवल तीन लाख. म्हणजे एक टक्का. दुसरा जोड धरला तरी दोन टक्के. नाटक पहिल्या फेरीत ७३२ प्रयोग चाललं, मग दौरा, मग १९६० मध्ये परत विंटर गार्डनला. एवढ्या काळात चार वेळा जीन्स बदलल्या असं जरी धरलं तरी पहिल्या जोडासकट १५,००० डॉलर, प्रयोगामागे वीस डॉलर पडतात. वीस डॉलर! प्रेक्षागृहातल्या तीन-चार तिकिटांचे पैसे. पण हा हिशोब कुणी असा मांडतच नाही. जीन्सचा खर्च वहीत एका ओळीत येतो, "जीन्स ७५", शेजारी बाजारभाव दिसतो आणि ती ओळ झोंबते. उलट आठ आठवड्यांच्या तालमींचा खर्च त्याच्या कितीतरी पट, पण त्याला बाजारभाव नाही, "रेडिमेड तालीम" कुठे मिळत नाही, म्हणून तिथे कुणी तुलना करत नाही. माझ्या मते ७५ डॉलर महाग होते म्हणून ते डोळ्यात आले नाहीत, जीन्स दुकानात मिळते म्हणून आले. राजाचा झगा असता तर पाचशे डॉलर पण कुणी विचारलं नसतं, कारण झग्याचा भाव कुणाला माहीत असतो? साध्या कपड्याचं काम करणारा डिझायनर नेहमी यातच मार खातो. पैठणीचं बजेट पास होतं, धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या विटक्या नऊवारीला "घरून आणा कुणाची तरी".

आणि राज्य नाट्य स्पर्धेला तर सगळंच घरून आणा असतं. असो.

या सगळ्याचं शराफच्या करिअरमध्ये काय झालं? ब्रॉडवेच्या त्या वर्षीच्या टोनी पुरस्कारांत वेस्ट साइड स्टोरीला दोनच मिळाले, नृत्याला आणि नेपथ्याला. वेशभूषेला नाही. सर्वोत्कृष्ट म्युझिकल पण दुसरंच ठरलं. मग १९६१ चा सिनेमा आला आणि तिथे खरी परीक्षा होती, कारण सुरुवातीचा नाच न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित केला, जिथे पुढे लिंकन सेंटर उभं राहिलं त्या भागातल्या पाडायला काढलेल्या गल्ल्यांत. आता खऱ्या विटा, खरा उकिरडा, खरा सूर्य. इथे तरी रंगवलेले कपडे उघडे पडतील असं कुणालाही वाटलं असतं. शराफने माघार घेतली नाही, दोन टोळ्यांची रंगवाटणी तशीच ठेवली, कॅमेऱ्यासाठी आणखी ठाशीव केली, आणि खऱ्या रस्त्यावर खरी पोरं असं नाचत नाहीत हे जसं कुणाला खटकत नाही तसं खऱ्या पोरांचे कपडे असे जुळत नाहीत हेही खटकत नाही. त्या सिनेमाला दहा ऑस्कर, त्यातलं एक तिचं.

तिची पाच ऑस्कर आहेत एकूण. 'क्लिओपात्रा'चं १९६३ चं त्यातलं एक, एलिझाबेथ टेलरच्या त्या सोनेरी पोशाखांसाठी, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण शेवटचं १९६६ च्या 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ'चं, कृष्णधवल सिनेमा, त्याच टेलरला मध्यमवयीन, सुटलेली, गबाळी प्राध्यापकाची बायको दाखवायची. अंगाला नीट न बसणारे कपडे नीट शिवायचे. सोन्याच्या कपड्यांएवढंच बक्षीस गबाळ्या कपड्यांना, तीन वर्षांत, त्याच डिझायनरला त्याच नटीसाठी. कधी कुठल्या निर्मात्याला उदाहरण द्यायचं असेल तर हे द्या, क्लिओपात्रा नको.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या थिएटर डेव्हलपमेंट फंडाने वेशभूषाकारांसाठी तिच्या नावाचे पुरस्कार सुरू केले, पहिला तिलाच दिला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. प्रिन्स पुढे २१ टोनींचा धनी झाला, दिग्दर्शक म्हणूनही फार मोठा झाला, आणि ही जीन्सची गोष्ट त्याने लपवली नाही. त्याच्याकडूनच ती आपल्यापर्यंत आली. डिझायनरने सांगितली असती तर लोक म्हणाले असते बाई रडतेय.

मला या केसमधून कामाला लावण्यासारखी जी गोष्ट दिसते ती पैशाची नाहीच खरं तर, ती शुभारंभानंतरची आहे. डिझायनरचं काम पहिल्या प्रयोगाला संपतं, मानधन घेऊन तो पुढच्या नाटकाकडे जातो. शराफसुद्धा १९५८ मध्ये दुसऱ्या नाटकाच्या कपड्यांत होती. नाटक मात्र रोज चालू असतं आणि रोज थोडं थोडं बदलत असतं, बटण तुटतं, साडी फाटते, नट बदलतो आणि नवा नट चार इंच जाड असतो. हे सगळे निर्णय कपडेपट सांभाळणारा माणूस घेतो किंवा निर्मात्याचा मॅनेजर घेतो, घाईत, दौऱ्यावर, प्रयोगाच्या दोन तास आधी. नाचाची एक स्टेप बदलली तर नृत्यदिग्दर्शकाचा असिस्टंट ओरडतो, दिव्याचा क्यू चुकला तर सगळ्यांना कळतं, पण निळ्या पॅन्टीच्या जागी दुसरी निळी पॅन्ट आली तर ओरडायला कुणी नाही. आज ब्रॉडवेवर युनियनच्या करारात डिझायनरला नाटक चालू असेपर्यंत आठवड्यामागे थोडे पैसे मिळतात, त्यामुळे तो निदान अधूनमधून नाटकाशी बांधलेला तरी राहतो. आपल्याकडे बहुतेक वेळा एकरकमी मानधन आणि "या कधीतरी प्रयोगाला".

म्हणून मी हल्ली बजेट देतानाच बदलीचे कपडे वेगळी ओळ म्हणून मांडते, पहिल्या जोडाबरोबरच दुसरा जोड त्याच हाताने त्याच आठवड्यात रंगवून घ्यायचा, कारण सहा महिन्यांनी तोच रंग परत जमत नाही आणि रंगवणारा माणूसही सापडत नाही. "रेडिमेड मिळतं की" हा प्रश्न आला की दुकानातली एक पॅन्ट आणि आपली एक अशा दोन पॅन्टी दोन पोरांना घालून तालमीच्या हॉलमध्ये नाही तर नाट्यगृहात, दिवे लावून, निर्मात्याला शेवटच्या रांगेत बसवून दाखवायच्या. एवढं केलं की अर्धे निर्माते गप्प होतात, उरलेले अर्धे म्हणतात "मला काही फरक दिसत नाही" आणि त्यांच्याशी मग वाद घालत बसू नये, दुसरीकडे कुठेतरी पैसे वाचवून द्यावेत. आणि प्रत्येक कपड्याची एक वही, त्यात कापडाचा तुकडा डकवलेला, रंगाचं प्रमाण लिहिलेलं, कुठे घासायचं त्याचा फोटो. ती वही निर्मात्याच्या ऑफिसात ठेवून उपयोग नाही, कपडेपटवाल्याकडे द्यायची, बसमध्ये ट्रंकेत राहील अशी, कारण कोल्हापूरच्या प्रयोगाला पॅन्ट फाटली तर फोन त्यालाच येणार आहे.